डावखुऱ्यासाठी आलेला फोन

मला बेसबॉल आवडत नाही. कळत नाही म्हणून आवडत नाही, असं सांगून सुटका करून घेणाऱ्या बायका असतात. मी त्यातली नाही. मला सगळं कळतं. मिशिगनच्या थंडीत अॅल्युमिनियमच्या बाकांवर कुडकुडत बसून मी तो खेळ शिकलेय. स्ट्राइक कळतो, बॉल कळतो, पिचरला मैदानातून कधी काढणार ते कोच उठायच्या आधी कळतं. कळूनसवरून आवडत नाही.

माझा एकुलता एक मुलगा पोटासाठी हा खेळ बारा वर्षं खेळला. पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, आणि तोही डावखुरा. बारा वर्षांत नऊ टीम. माझे बाबा नागपूरला पाटबंधारे खात्यात होते, त्यांच्याही बदल्या व्हायच्या. पण बदलीची ऑर्डर हातात यायची, सामानाला ट्रक मिळायचा आणि नव्या गावात क्वार्टर असायचं. माझ्या मुलाला दुपारी सांगायचे आणि संध्याकाळी तो दुसऱ्या राज्यात असायचा. त्याचे अर्धे कपडे कुठल्या तरी लॉण्ड्रीत राहिलेले. कधीकधी तर तो कुठे आहे हे मला टीमच्या वेबसाइटवरून कळायचं.

या खेळाची उतरंड अशी की सगळ्यात वर मेजर लीग, जी टीव्हीवर दिसते. तिच्याखाली मायनरच्या पायऱ्या. हजारो पोरं त्या पायऱ्यांवर चढत-उतरत असतात आणि बहुतेक सगळी तिथेच म्हातारी होतात. पण मेजरमध्ये एक दिवस मिळाला, अगदी एक बॉल टाकून लगेच खाली पाठवलं, तरी तो माणूस जन्मभर मेजर लीगचा खेळाडू. त्याचं नाव कायमचं नोंदलं जातं. माझ्या मुलाला तो एक दिवस हवा होता. मोठं नाव, मोठं घर, गाडी, काही नको, एक दिवस.

मला हे कधी पटलं नाही. एका दिवसासाठी कुणी उभं तारुण्य बसमध्ये घालवतं का? आणि तरी तो दिवस त्याच्या अगदी हाताशी आला होता, तेव्हा तो मी घालवला. तेच लिहायला बसले आहे. क्षमा मागायला बसलेले नाही, हेही आधीच सांगून टाकते.

तो जन्मापासून डावरा. सासूबाई पुण्याहून आमच्याकडे मिशिगनमधल्या नोव्हायला आल्या की त्याच्या डाव्या हातावर चापट मारायच्या. प्रसाद उजव्या हातात घे, वरणभात उजव्या हातानं खा. मीही मारायचे, खोटं कशाला बोलू. तीन वर्षं आम्ही दोघींनी त्या हाताशी झुंज दिली आणि हरलो. तिसरीत असताना कुठल्याशा कोचनं त्याला डाव्या हातानं दगड फेकताना बघितलं आणि संध्याकाळी हा गडी दारात हजर. म्हणतो, डावखुरी मुलं मिळत नाहीत, याला आमच्याकडे पाठवा. आमचे हे लगेच खूश. गाड्यांच्या कंपनीत ब्रेकची डिझाइनं करणारा माणूस, कधी कुणी दारात येऊन कौतुक केलेलं नाही. म्हणाले, "पाठवू या की, व्यायाम होईल."

व्यायाम! शनिवारचा गणिताचा क्लास गेला, रविवारची मराठी शाळा गेली, दिवाळीचा फराळ गाडीच्या मागच्या सीटवर बसून खाल्ला. तरी मी म्हटलं, जाऊ दे, कॉलेजला स्कॉलरशिप तरी मिळेल. मिळाली. इंजिनिअरिंगला गेला. तीन वर्षं झाली, एक राहिलं, आणि ड्राफ्ट आला. वर्षातून एकदा सगळ्या टीम मिळून पोरं वाटून घेतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. याला अगदी शेवटी शेवटी कुणीतरी उचलला, भाजी घेऊन झाल्यावर कोथिंबिरीची जुडी मागून घ्यावी तसा.

"एक वर्ष राहिलंय रे," मी म्हणाले. "डिग्री हातात घे आणि मग उंडार कुठे उंडारायचं ते."

"आई, ते थांबत नाहीत."

"न थांबू देत! आपल्याला कुणी थांबवलंय का? नोकऱ्या काय कमी आहेत?"

त्यानं बाबांकडे बघितलं. आमचे हे ताटातल्या लोणच्याकडे बघत होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण जिथे बोलायला हवं तिथे हा माणूस लोणच्याकडे बघतो. पोरगा गेला.

मग सुरू झाला माझा छळ. गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये मसालेभाताचं भांडं ठेवून मी वळते न वळते तोच कुणीतरी विचारणारच, "काय, सध्या कुठे असतो तुमचा?"

"टेनेसीत."

"गेल्या वर्षी आयोवा म्हणालात ना?"

"फिरतीचं काम आहे."

"कन्सल्टिंग का?"

मी "हो" म्हणाले. एवढंच केलं मी. त्या एका "हो"चं पुढच्या गणपतीपर्यंत असं काही झालं की न्यू जर्सीतल्या एडिसनहून स्थळ सांगून आलं. मुलगी फार्मसी केलेली. तिच्या आईनं फोनवर गोड आवाजात विचारलं की लिंक्डइनवर तो सापडत का नाही. मी म्हणाले, तो तसल्या दिखाऊपणात पडत नाही. फोन ठेवला आणि हसू येण्याऐवजी इतका संताप आला की पोळ्यांची कणीक आपटून आपटून मळली. माझ्या मुलाबद्दल मला खोटं बोलावं लागत होतं, तेही त्यानं काहीही वाईट केलेलं नसताना. चोरी नाही, दारू नाही, काही नाही. राग कुणावर काढायचा तेच कळत नव्हतं, म्हणून सगळ्यांवर काढला.

एकदाच त्याचा सामना बघायला गेलो. सहा तास गाडी चालवून एका छोट्या गावात. मैदानाच्या कुंपणाला टायरच्या दुकानाच्या जाहिराती आणि प्रेक्षक म्हणजे बिअरचे ग्लास घेऊन बसलेली शे-दोनशे माणसं. हा शेवटच्या टप्प्यात आला. चार-पाच बॉल टाकले नसतील तोच माझ्या मागे बसलेला एक लाल चेहऱ्याचा माणूस ओरडायला लागला. परत जा तुझ्या कॉल सेंटरला, म्हणे. माझा मुलगा डेट्रॉइटच्या बाजूला जन्मला, कॉल सेंटर त्यानं आयुष्यात पाहिलेलं नाही. एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा मी उभी राहिले आणि तोंडाला येईल ते मराठीत सुनावलं. "बाप्पा, काहून ओरडतोस रे मुडद्या? तुझ्या बापाचं खाल्लं का त्यानं?" सगळं स्टँड माझ्याकडे बघायला लागलं. ह्यांनी माझा पदर ओढावा तसं जॅकेट ओढलं.

मैदानावर मुलानं मान वळवून वर पाहिलं. पुढचे आठ बॉल त्याला धड टाकता आले नाहीत. त्याला काढलं.

पार्किंगमध्ये तो आला तो केस ओले, तोंड पांढरं. "आई, तो रोज ओरडतो," म्हणाला. "मला चालतं. मला ऐकू पण येत नाही. तू ओरडलीस तेव्हा मला कॅचर दिसेना. तू येऊ नको परत."

"नाही येत," मी म्हणाले. "मला हौस नाही."

परतीचे सहा तास मी ह्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. तेही बोलले नाहीत, पण त्यांच्या न बोलण्याला काही अर्थ नसतो.

सहा वर्षं अशी गेली. सातव्या वर्षी, मार्चमध्ये, सीझन सुरू व्हायच्या आधीच्या सरावात त्याला काढून टाकलं. तिथे त्याला "रिलीज केलं" म्हणतात. शब्द तरी काय शोधलाय, जणू उपकार केले. एका खोलीत बोलावतात, हात मिळवतात आणि दुपारच्या आत कपाट रिकामं करून घेतात. वय सत्तावीस. दोन बॅगा घेऊन तो नोव्हायला आला, आपल्या जुन्या खोलीत, जिथे त्याचे पाय पलंगाच्या बाहेर येत होते.

मी मनातून खूश झाले. लपवत नाही. मला वाटलं, संपला एकदाचा तमाशा.

कसला संपतोय? रोज संध्याकाळी हे ऑफिसमधून आले की दोघं शाळेच्या मागच्या मैदानावर जायचे. छप्पन्न वर्षांचा माणूस, गुडघ्यांना पट्टे बांधून उकिडवा बसायचा आणि पोराचे बॉल झेलायचा. घरी आल्यावर जिना चढायला कठड्याला धरायचे. तळहात सुजून भाकरीसारखा व्हायचा. मी बर्फ द्यायचे आणि बोलायचेही. "ह्या वयात हात मोडून घ्या, म्हणजे दोघांना एकदम भरवते." ते म्हणायचे, "चांगला टाकतोय गं. खरंच चांगला टाकतोय." त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद असायचा की मला आणखीच चीड यायची. जी गोष्ट मी नको नको सांगून थकले, तीच तळहातावर झेलून घेत होता हा माणूस.

मुलाचा एजंट होता, तो त्याचे फोन उचलेनासा झाला होता. म्हणजे आता कुठली टीम बोलावणार असेल तर थेट यालाच फोन येणार. त्यामुळे फोन सतत हातात. जेवताना ताटाशेजारी, दात घासताना बेसिनवर. कुणाचाही येत नव्हता.

मे उजाडला तेव्हा मी युनिव्हर्सिटीच्या साइटवरून परत प्रवेश घ्यायचा फॉर्म प्रिंट केला आणि रविवारी सकाळी त्याच्या चहाशेजारी ठेवला. एक वर्ष राहिलं होतं, ते आता पूर्ण करता येत होतं. मी तिथल्या ऑफिसात बाईशी बोलून सगळं विचारून ठेवलं होतं. सत्तावीस वर्षांच्या मुलाच्या वतीनं आईनं फोन केला याचं त्या बाईला नवल वाटलं. मला त्यात नवल वाटण्यासारखं काही दिसलं नाही. आपल्याकडे आईच करते.

त्यानं फॉर्म वाचला. दोन्ही बाजू वाचल्या. मग म्हणाला, "मे संपेपर्यंत थांब. तोपर्यंत कुणी बोलावलं नाही तर मी सही करतो."

"शब्द?"

"शब्द."

ह्यांच्या देखत बोलला. मी कॅलेंडरवर खूण केली.

त्या दिवसापासून मी देवापुढे हात जोडून काय मागायचे ते इथे लिहायला लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. कुणाचाही फोन येऊ देऊ नकोस, एवढंच मागायचे. इतर आया परमेश्वराकडे मुलाचं भलं मागतात, मीही भलंच मागत होते.

शेवटचा आठवडा. सकाळचे दहा वाजत आले होते. हे ऑफिसला गेलेले, मुलगा तळ्याभोवती पळायला गेलेला. फोन संपूर्ण डिस्चार्ज झाला होता म्हणून त्या एका दिवशी तो माझ्या ओट्यावर चार्जिंगला लावून गेला. मी घरून काम करते, सॉफ्टवेअर तपासण्याचं. रोज दहाला आमची टीमची मीटिंग असते. लॅपटॉप डायनिंग टेबलावर, मीटिंग सुरू, मी म्यूटवर. आणि ओट्यावरचा फोन वाजायला लागला. वाजून थांबला. परत वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी उचलला.

दक्षिणेतल्या एका टीमचा माणूस होता. मेजरच्या बरोब्बर एक पायरी खालची टीम. आवाज मोठा, घाईतला, पण माणूस सभ्य. त्याला डावखुरा पिचर हवा होता, त्याच संध्याकाळी. मी म्हणाले, तो पळायला गेलाय, मी त्याची आई. तो म्हणाला, मग तुम्ही निरोप द्या. मी म्हणाले, देते.

फोन ठेवला. मग मी काय केलं, तर ते तिन्ही कॉल त्या फोनमधून पुसून टाकले. त्याच्या फोनचा कोड मला पाठ होता. मी इतकी वर्षं लोकांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधते, कुठे काय खूण राहते ते मला चांगलं ठाऊक आहे. नंबर ब्लॉकसुद्धा केला. तेवढ्यात मीटिंगमध्ये माझी पाळी आली. मॅनेजरनं विचारलं, काही अडचण? मी अनम्यूट केलं आणि म्हणाले, "नो ब्लॉकर्स."

दहा मिनिटांनी तो आला, घामानं निथळत. आल्या आल्या फोन उचलला, बघितलं. "काही आलं?"

"कुठून येणार?" मी म्हणाले. "हात धू. पोहे केलेत."

तो जेवायच्या टेबलाशी बसला. त्या माणसानं दिलेली मुदत एक तासाची होती. मी ओट्याशी उभी आणि समोर मायक्रोवेव्हवरचे हिरवे आकडे. चाळीस मिनिटं राहिली होती तेव्हा तो पोह्यांवर खोबरं घालून घेत होता. तोंड उघडायला काय लागतं? "अरे, फोन आला होता," तीन-चार शब्द. पंचवीस मिनिटं राहिली तेव्हा तो म्हणाला, आज दम चांगला लागला, खांदा मोकळा वाटतोय. मी विचारलं, अजून घेतोस का? त्यानं ताटली पुढे केली. मी वाढले. दहा राहिली, पाच राहिली, मग तास झाला आणि मी ताटल्या सिंकमध्ये टाकल्या. मला हलकं वाटलं. तेही लिहून ठेवते, कारण नंतर सगळे म्हणतील की बिचारीच्या मनाला किती लागलं असेल. त्या दिवशी नव्हतं लागलं.

मे संपला. फॉर्म टेबलावर होता, पेन शेजारी. सकाळी उठून मी खाली आले तर दोन्ही बॅगा दाराशी भरलेल्या.

"कुठे?"

"कॅन्ससला." तिथे कसलीशी स्वतंत्र लीग होती, मोठ्या टीमशी काही संबंध नसलेली, जिथे कुणी बोलावत नाही, आपणच जाऊन उभं राहायचं आणि दोन दिवस बॉल टाकून दाखवायचे. मायनरच्याही खालचं काम.

"तू शब्द दिला होतास," मी म्हणाले. माझा आवाज किती चढला ते शेजारच्या गुजराती बाईंनी नंतर सांगितलं. "बाबांच्या देखत शब्द दिला होतास! कुणी बोलावलं नाही तर सही करतो म्हणालास. बोलावलं कुणी?"

"नाही," तो म्हणाला.

"मग?"

बॅगा उचलल्या आणि गेला.

पुढची सहा वर्षं मी त्याला हेच ऐकवलं. कॅन्सस, मग नॉर्थ डकोटा, मग एक वर्ष मेक्सिको, मग पुन्हा कुठल्या तरी मायनरमध्ये अर्धा सीझन. दिवाळीला घरी यायचा किंवा नाही यायचा, पण आला की दुसऱ्या दिवशी कशावरून तरी भांडण निघायचं आणि मी म्हणायचे, शब्द मोडणारा माणूस आहेस तू. डोळ्यात डोळे घालून म्हणायचे. मला स्वतःची लाज वाटायची नाही, कारण माझ्या हिशेबानं मी माझं काम चोख केलं होतं. त्यानंच ऐनवेळी पलटी मारली होती. मी सगळं करूनही पोरगा घरात राहिला नाही, हा राग इतका मोठा होता की त्याच्यापुढे बाकीचं दिसत नव्हतं.

तो कॅन्ससला गेला त्याच वर्षी जूनमध्ये जेवताना हे फोनमध्ये बघत म्हणाले, "दक्षिणेतली ती टीम बघ, मे एंडला त्यांनी एक डावखुरा घेतला होता. कोण कुठला, कुणाला नाव माहीत नाही. आज वर गेला गं. मेजरला. आपल्या पोरापेक्षा हळू टाकतो."

"भात वाढू का?" मी विचारलं.

"त्यांनी आपल्याला विचारलं असतं तर..."

"भात वाढू का म्हणते मी."

वाढला. त्या रात्री मात्र लागलं.

तेहतिसाव्या वर्षी त्याचा खांदा गेला. कापून, शिवून, सगळं करून झालं. डॉक्टरांनी सांगितलं की आता पुन्हा नाही. हे गेल्या शरद ऋतूतलं. परत दोन बॅगा, परत तीच खोली. केस कपाळावरून मागे गेलेले. हाताला झोळी बांधलेली, त्यामुळे माझा डावरा मुलगा आयुष्यात पहिल्यांदा उजव्या हातानं वरणभात खात होता, आणि सांडत होता.

रविवार दुपार होती. आम्ही तिघं जेवत होतो. मी म्हणाले, आमच्या कंपनीत तपासणीच्या कामाला शिकाऊ लोक घेतायत, डिग्री लागते पण मी बोलून बघते. तो म्हणाला, नको. मी म्हणाले, नको काय? मग काय करणार आहेस? आणि मग निघालंच तोंडून, "तेव्हा शब्द पाळला असतास तर आज हे दिवस आले नसते."

त्यानं चमचा खाली ठेवला. मला वाटलं उठून जाणार. नेहमी जायचा. या वेळी बसून राहिला.

"पेन घेतलं होतं मी, आई," तो म्हणाला. त्याचं मराठी लहानपणी होतं तेवढंच राहिलंय, साधं, जोडून जोडून केलेलं. "फॉर्मवर नाव पण लिहिलं होतं. मग वाटलं, सहा वर्षं खेळलो आणि एकानं पण फोन केला नाही. एकानं पण नाही. म्हणजे मी कधी नव्हतोच तिथे. असं कसं थांबायचं? कुणीतरी एकदा बोलवलं असतं ना, तर गेलो असतो. कदाचित मार खाल्ला असता. मग परत आलो असतो आणि तुझी डिग्री केली असती, प्रॉमिस. मला फक्त एकदा कुणीतरी बोलवायला हवं होतं. नाही बोलवलं. म्हणून मीच सगळ्यांच्या दारात जात राहिलो."

ह्यांनी लोणच्याकडे बघितलं नाही. ते पोराकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि मला काय झालं कुणास ठाऊक. दया आली असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मला राग आला. म्हणजे ही सहा वर्षं, तो मेक्सिको, तो फाटका खांदा, सगळं माझ्या पदरात? मी त्याला घरी ठेवायला केलं ते आणि त्याच्यामुळेच हा भटकत राहिला?

"आला होता!" मी ओरडले. "बोलावलं होतं तुला. फोन आला होता, मी घेतला होता. आता झालं समाधान?"

तो म्हणाला, "कुणाचा?"

मी टीम सांगितली. दिवस सांगितला. ह्यांनी खुर्ची मागे सरकवली आणि तशीच धरून उभे राहिले. त्यांना तो दुसरा डावखुरा आठवला असणार, मुलालाही आठवला असणार. मुलाचा चेहरा मला वाचता आला नाही. आयुष्यभर वाचला, त्या दिवशी नाही आला.

"काय म्हणाला तो?"

"म्हणाला की डावखुरा पिचर हवाय."

"तसं नाही. त्याचे वर्ड्स. एक्झॅक्ट."

मला पाठ होते. सहा वर्षांत एकही शब्द विसरले नव्हते. मी इंग्रजीतच सांगितले, जसे त्या माणसानं घाईघाईनं सांगितले होते तसे. की काल आमचा एक मुलगा जखमी झालाय. की तुमचा मुलगा कॉलेजात होता तेव्हापासून मी त्याला बघतोय. की मी ऑफिसात सांगून ठेवलंय, डावखुरा लागला तर मला हाच हवा. की महिन्याभरात आमच्याकडून कुणालातरी वर पाठवणार आहेत आणि त्याला संधी आहे.

"परत सांग," तो म्हणाला.

मी परत सांगितलं. तो ऐकत होता, मान थोडी खाली घालून, झोळीतला हात दुसऱ्या हातानं धरून. "हाच हवा" आलं तेव्हा त्यानं डोळे मिटले. शिव्या दे, मी मनात म्हणत होते. ताट फेक. पण त्यानं तिसऱ्यांदा सांगायला लावलं, आणि मी सांगत गेले. त्याला विचारा, आज संध्याकाळच्या विमानानं निघता येईल का, इथपर्यंत आले तर तो मध्येच बोलला.

"येस सर," तो म्हणाला. माझ्याकडे न बघता, मी कधी न ऐकलेल्या नम्र आवाजात. "आय कॅन बी देअर."

मी थांबले. निरोपातलं एकच वाक्य उरलं होतं. तो त्याची वाट बघत होता, म्हणून तेही सांगितलं: एका तासात कळवा, नाहीतर मला दुसऱ्याला बोलवावं लागेल.